दर्याचं मैदान

डहाणूत बकुळाबाई सावेंना चेहऱ्याने ओळखणारी माणसं थोडी, पण त्यांचा आवाज ओळखत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. रविवारी उन्हं कलली की सरावलीच्या रस्त्यावरच्या मैदानातून भोंगा सुरू व्हायचा, आणि स्टेशनापलीकडचे दुकानदारसुद्धा म्हणायचे, "चला, बाई बोलायला लागल्या. मॅच सुरू झाली."

मॅच म्हणजे दर्याची मॅच. दर्या फुटबॉल क्लब, डहाणू. निळी जर्सी, पांढरी चड्डी. क्लब काढला बाईंच्या वडिलांनी, महादेव सावेंनी, आणि मैदानही त्यांचंच. घरामागच्या चिकूच्या वाडीला लागून एक सपाट तुकडा होता. त्यात झाडं लावायची सोडून महादेवदादांनी दोन्ही टोकांना लोखंडी गोलपोस्ट पुरले, तेव्हा भावकीने त्यांना वेड्यात काढलं होतं. माईकवर तेच बोलायचे. एका मॅचला घसा बसला म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात माईक दिला, तो पुन्हा काही मागून घेतला नाही. बकुळाबाई तेव्हा नुकत्याच शाळेत मराठी शिकवायला लागल्या होत्या. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, असं विचारणारी माणसं एकेक करून गेली आणि मग कोणी विचारेनासं झालं. दादा वारले तेव्हा वाडी भावाकडे गेली, मैदान आणि त्याच्या कडेच्या दोन खोल्या बाईंकडे राहिल्या.

बोलण्याची त्यांची एक रीत होती. गोल झाला की त्या ओरडत नसत. एक क्षण थांबायच्या आणि मारणाऱ्याचं नाव घ्यायच्या, पुरं, बापाच्या नावासकट, शाळेत हजेरी घ्यावी तसं. "जयेश नरोत्तम चुरी." आणि मग मैदान उसळायचं. कुंपणाच्या भिंतीवर माणसं, समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर माणसं. धाकट्या डहाणूचे मच्छीमार होड्या नांगरून मॅचला यायचे. ज्याचा मुलगा खेळत असेल तो बाप तर नाव ऐकायलाच यायचा. सोमवारी बाजारात त्याला चहा फुकट मिळे.

मग पोरं जायला लागली. कोणी वापीला कारखान्यात, कोणी बोईसरला, कोणी मुंबईला, एक तर थेट कॅनडाला. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी मैदानात अकराजण उभे करायची मारामार होती. तेव्हा कोणीतरी सुचवलं की तलासरीकडची आदिवासी पोरं भातकापणी झाली की शेतांतून अनवाणी खेळतात, आणि काय खेळतात! पहिल्यांदा आला मिथुन. उधव्याचा, आश्रमशाळेत शिकलेला, अंगाने काटकुळा, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा चाले. त्याने चौघांना आणलं, त्या चौघांनी आणखी काहींना. वर्ष सरेपर्यंत गोलकीपर सोडला तर सगळा दर्या तलासरीचा झाला होता.

आणि दर्या जिंकायला लागला. नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच स्पर्धेची अंतिम मॅच ह्याच मैदानावर झाली. मिथुनने दोन गोल केले. बाईंनी नेहमीसारखं क्षणभर थांबून नाव घेतलं, "मिथुन पांड्या धोडी." भोंग्यातून नाव घुमलं, गोदामाच्या पत्र्यावरून परत आलं. टाळ्या पडल्या, नाही असं नाही. पण त्या समारंभात पाहुण्यांसाठी पडतात तशा. संध्याकाळी स्टेशनापर्यंत मिरवणूक काढली, तर वाजवणारे जास्त आणि चालणारे कमी.

बाईंनी ते मनावर घेतलं नाही. टीव्हीवर परदेशातल्या मॅच दिसतात, मोबाईल आलेत, लोक घराबाहेर पडत नाहीत, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. पुढच्या वर्षी भिंतीवरची माणसं दिसेनाशी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी भेळवाला यायचा बंद झाला. बाई मात्र माईक पुसून, खुर्ची मांडून, दर रविवारी बोलत राहिल्या.

२०१६ च्या दिवाळीआधी भावाचा मुलगा प्रितेश त्यांच्या ओटीवर येऊन बसला. भाऊ आजारी असायचा, वाडीचं सगळं प्रितेशच बघायचा. चांगला मुलगा, आत्याला डॉक्टरकडे नेणारा, बाजारातून न सांगता मासळी आणून देणारा. त्याची बायको मयुरा तर रोज संध्याकाळी वाटीभर काहीतरी घेऊन वाडी आणि मैदानाच्या मधल्या फाटकातून यायची.

"आत्या, एक बोलायचंय. रागवू नकोस."

"रागावण्यासारखं असेल तर बोलूच नकोस."

प्रितेश हसला, पण बोलला. मैदानावर लॉन करायचं त्याच्या मनात होतं. लग्नाचं लॉन. गुजरातमधून, मुंबईहून लोक लग्नं लावायला समुद्राकाठी येतात, रस्त्याला लागून एवढी सपाट जागा डहाणूत दुसरी नाही. जागा आत्याच्या नावावरच राहील, फक्त करारावर सही लागेल.

"आणि दर्या कुठे खेळणार?"

प्रितेशने मान खाली घातली. "आत्या, कोण बघायला येतं आता?"

"येतील. टीम जिंकतेय."

"जिंकतेय ना. पण आपलं कोण आहे त्यात?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी नाही म्हणत हे. बाजारात सगळे म्हणतात. पूर्वी आपली पोरं खेळायची, लोक यायचे. आता तिकडची खेळतात, तर हे कशाला येतील?"

बाईंना कानात गरम तेल पडल्यासारखं झालं. त्यांना हे कळलंच नव्हतं असं नव्हे. कळलं होतं, पण ते कोणी तोंडाने म्हणेपर्यंत खरं मानायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"सही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि बाजाराचं माझ्या ओटीवर पुन्हा आणू नकोस."

प्रितेश उठून गेला. तो भांडला नाही, हेच वाईट झालं. भांडला असता तर समेट करायला काहीतरी उरलं असतं. त्या दिवाळीला फराळाचं ताट आलं, पण कामवालीच्या हातून. संध्याकाळची वाटी बंद झाली. मधल्या फाटकाला कडी लागली, आणि ती कोणी लावली हे विचारायला बाई गेल्या नाहीत, सांगायला तिकडून कोणी आलं नाही.

एक मात्र खरं, मैदान वाचलं होतं. मैदान आहे म्हणजे दर्या आहे, एवढ्या एका गोष्टीवर बाईंनी ते वर्ष काढलं. आठवडाभर त्या कोणाशी धड चार वाक्यंही बोलत नसत, आणि रविवारी भोंग्यातून सगळ्या गावाशी बोलत. ऐकायला मैदानावर उरलेले म्हणजे दुसऱ्या संघाबरोबर टेम्पोतून आलेले लोक, सावलीला बसलेले एक-दोन म्हातारे आणि चरणारी गुरं.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर, सराव सुरू व्हायच्या वेळेला, मिथुन एकटाच आला. आता तो कर्णधार होता, वापीला एका कारखान्यात पाळीवर जायचा. चपला खाली काढून ओटीच्या कडेला टेकला. बाईंनी पाणी दिलं. ते त्याने सगळं पिऊन टाकलं आणि रिकामा पेला हातातच धरून ठेवला.

"बाई, पोरांचं म्हणणं आहे, ह्या वर्षापास्नं उधव्याला खेळायचं."

बाईंना वाटलं, एखाद्या मॅचबद्दल बोलतोय. "एखाद-दुसरी खेळा की. मी कुठे नाही म्हटलं?"

"एखादी नाय बाई. सगळ्याच. क्लबच तिकडं न्यायचा."

मिथुन सांगत राहिला. पोरं पहाटे उठून मजुरीला जातात, रविवारी एक दिवस मिळतो तो एसटीत जातो. शेवटची गाडी चुकली की तलासरीपासून चालत जावं लागतं. तिकडे पंचायतीने माळावर जागा दिलीय, खडकाळ आहे, पण पोरांनी दगड वेचलेत.

"मी हे मैदान कोणासाठी राखलं रे?" बाईंचा आवाज चढला. "सख्ख्या भाच्याशी बोलणं टाकलं मी. घर तोडलं. आणि तुम्ही निघालात?"

मिथुनने पेला खाली ठेवला. "आमाला ठावं आहे बाई. म्हणून तर मीच आलो, फोन नाय केला." मग म्हणाला, "मैदान आहे. पण मान्सं नायत. माझी आई म्हणते, तू कुठं खेळतोस ते मला एकदा तरी दिसू दे. ती इथं कधी येनार?"

"येऊ दे की. कोणी अडवलंय?"

"अडवलं नाय कोनी," मिथुन म्हणाला. मग खाली उतरून त्याने चपला घातल्या. जाताना त्याने एवढंच विचारलं की गोलपोस्ट नेले तर चालतील का, तिकडे बांबूचे आहेत, चेंडू लागला की पडतात. बाई आत निघून गेल्या. आतूनच म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी पुरलेत ते. ते इथंच राहतील."

तो हिवाळा बाईंना फार लांब गेला. पहिल्या रविवारी त्यांनी नेमाप्रमाणे दुपारचं जेवण लवकर आटोपलं आणि मग करायला काहीच नाही म्हणून ओटीवर बसून राहिल्या. मैदानात गवत गुडघाभर झालं होतं. गडी लावून त्यांनी ते काढून घेतलं. नंतर एकदा गोणीतला चुना घेऊन त्या स्वतःच वाकून वाकून रेघा आखायला लागल्या. अर्धं मैदान झाल्यावर कंबर धरली. सरळ उभ्या राहिल्या तर रस्त्यावरून जाणारा एक ओळखीचा माणूस गाडी थांबवून विचारत होता, "मॅच आहे का बाई?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. तो मग तसाच बघत राहिला, म्हणून त्या घरात आल्या.

जानेवारीत टेनिस बॉल क्रिकेटवाले आले. तीन दिवसांची स्पर्धा होती, जागा हवी होती. बाईंनी दिली. मैदानावर माणूस दिसेल, एवढीच आशा. आणि माणसं आली, पूर्वीसारखी, भिंतीवरसुद्धा चढली. पण त्यांचा बोलणारा त्यांनी वसईहून आणला होता. काळा चष्मा लावलेला, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. प्रत्येक चेंडूला तो आकाश कोसळल्यासारखा ओरडायचा, मधूनमधून गाणं वाजायचं, आणि ते सगळं मोबाईलवर गावोगावी दिसत होतं म्हणे. बाईंनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी आयोजक शाल-श्रीफळ घेऊन आले, फोटो काढला, गेले. मैदानात उन्हाने तापलेल्या पाण्याच्या बाटल्या तेवढ्या उरल्या.

फेब्रुवारीत मिथुनचा फोन आला. "बाई, रविवारी फायनल आहे. आपल्या मैदानावर. या."

'आपल्या' हा शब्द बाईंना लागला. त्यांनी येते म्हटलं नाही, नाही येत असंही म्हटलं नाही. रविवारी सकाळी मात्र इस्त्रीची सुती साडी नेसून त्या एसटी स्टँडवर उभ्या होत्या. तलासरीला गाडी बदलली. पुढे रस्ता चढत गेला, वाडे-पाडे मागे पडत गेले. उधव्याला उतरल्यावर वाट विचारावी लागलीच नाही. सगळी माणसं एकाच बाजूला चालली होती. बायका मुलांना कडेवर घेऊन, म्हातारे काठ्या टेकत, पोरी नव्या ओढण्या घेऊन.

माळाच्या तिन्ही बाजूंनी चढण होती आणि ती माणसांनी भरून गेली होती. मैदानात गवताचं पातं नाही, लाल माती. बांबूचे गोलपोस्ट. आणि निळ्या जर्सीतली पोरं मैदानात उतरली तसा चढणीवरून ओरडा उठला, "दर्या! दर्या!" समुद्र तिथून कुठल्या कुठे. त्यातल्या कित्येक बायकांनी तो पाहिलाही नसेल. बाई उन्हातच उभ्या राहिल्या. बसायचं कुठे, कोणाजवळ, काही कळेना.

"ये ना, बस," एका बाईने सरकून जागा केली. वयाने त्यांच्याएवढीच, हाताने उन्हाची तिरीप अडवत बघत होती. "तुजा कोन खेलतं?"

"माझा?" बाई म्हणाल्या. "माझा कोणी नाही."

"मंग कशाला आलीस एवडी लांब?" तिने सरळ मनाने विचारलं. आणि मग आपणहूनच सांगायला लागली, तो दहा नंबरचा माझा, मिथुन. तिचं नाव नवशी. पोरगा डहाणूला खेळायचा तेव्हा त्याला कधी बघितलं नाही, पण तो घरी येऊन सांगायचा, तिकडे मोठमोठे लोक बसतात, माझं नाव भोंग्यातून घेतात, सगळं गाव टाळ्या वाजवतं. "तू बघितलंस का तिकडं?" नवशीने विचारलं.

"बघितलं," बाई म्हणाल्या. "मोठं मैदान आहे."

इथे माईकवर झिपरू नावाचा माणूस होता. तो आपल्या बोलीत बोलत होता, खेळाडूंना टोपणनावांनी हाका मारत होता, कोणाच्या सासूचा उद्धार करत होता, आणि चढण खदाखदा हसत होती. बाईंना निम्मं कळत होतं. मध्यंतरात मिथुनची नजर त्यांच्यावर गेली. तो घामाने निथळत चढून वर आला, आईशेजारी बाईंना बघून थबकला, मग दोघींना नमस्कार करून बाईंचा हात धरून त्यांना खाली घेऊन गेला. झिपरूच्या हातातला माईक त्याने त्यांच्या हातात दिला. "बाई, बोला. दोन शब्द."

बाईंनी माईक धरला. "उधवा आणि परिसरातील क्रीडाप्रेमी बंधुभगिनींनो," त्या म्हणाल्या. दर्याच्या स्थापनेबद्दल बोलल्या, महादेवदादांबद्दल बोलल्या. चढण एकदम शांत झाली. सगळे ऐकत होते, फार अदबीने, तालुक्याचा साहेब आल्यावर ऐकतात तसे. एक लहान मूल रडायला लागलं तर आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. बाईंनी तो हात पाहिला. बोलणं अर्ध्यात टाकून त्यांनी माईक झिपरूला परत दिला. "तुम्हीच बोला," त्या म्हणाल्या. झिपरूने तोंड उघडलं मात्र, माळ पुन्हा जिवंत झाला.

दर्या ती मॅच हरला. पेनल्टीवर. डहाणूत हरल्यावर माणसं पाचव्या मिनिटाला चपला शोधायला लागायची. इथे कोणी हललं नाही. सगळी चढण खाली मैदानात उतरली, पोरांभोवती बसली, आणि ज्याने पेनल्टी चुकवली होती तो पोरगा रडत होता तर चार म्हाताऱ्या त्याला चहा पाजत होत्या.

मिथुनने मोटरसायकलवरून बाईंना तलासरीला सोडलं. गाडीची वाट बघत दोघं स्टँडवर उभे होते.

"आईला तू खोटं सांगत होतास," बाई म्हणाल्या. "गाव टाळ्या वाजवतं म्हणून."

मिथुन ओशाळला. "काय सांगनार बाई? तिथं गोल मारला की फक्त तुमचाच आवाज यायचा. बाकी चार टाळ्या, मग चिडीचूप. पयल्यांदा मला वाटलं, माजं काही चुकलं."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या. इतकी वर्षं माईकपाशी बसून त्या मैदान बघत होत्या. मैदानातून ते गाव कसं दिसतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"टेम्पो घेऊन ये," गाडीत चढताना त्या म्हणाल्या. "गोलपोस्ट घेऊन जा."

मार्च उजाडताच पोरं आली. दादांनी पोस्ट खोल पुरले होते, खाली सिमेंट. पहारी लावून काढायला सगळी सकाळ गेली. बाईंनी सगळ्यांसाठी पोहे केले, खूप दिवसांनी एवढे पोहे केले. दुपारी टेम्पो रस्त्याला लागला तेव्हा पोरं मागे उभी राहून हात हलवत होती. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. वळून बघितलं तर मैदान एकदम लहान वाटलं, कोणाच्याही मालकीच्या कुठल्याही रिकाम्या जागेसारखं.

त्यानंतर चारेक दिवसांनी त्यांनी मधल्या फाटकाची कडी वाजवली. मयुराने दार उघडलं, गोंधळून बाजूला झाली. प्रितेश जेवत होता, तो तसाच हात न धुता उठला.

"कागद घेऊन ये," बाई म्हणाल्या. "सही करते."

"आत्या, काय झालं? तेव्हा तर तू..."

"तेव्हा ते मैदान होतं."

२०१९ च्या लग्नसराईत लॉन सुरू झालं. कमानीवर दिवे लागले, हिरवळ आली, घोड्यावरून नवरदेव आले. प्रितेश आणि मयुरा पुन्हा येऊ-जाऊ लागली, संध्याकाळची वाटीही आली, पण त्यात आता जरा उपचार आला होता, आणि बाईही ती वाटी लगेच धुवून परत द्यायच्या. डहाणूत दर्याचं नाव कोणी काढत नसे. मुद्दाम टाळत होते असं नाही, विसरले होते.

बाई अधूनमधून उधव्याला जायच्या, गुडघे चालू देतील तेव्हा. तिथे नवशी त्यांना जागा धरून ठेवायची. दोघी शेंगदाणे खात मॅच बघायच्या, फार बोलायच्या नाहीत. पुढे पुढे गाडीचा प्रवास झेपेना, तेव्हा मिथुन रविवारी संध्याकाळी फोन करायला लागला.

"जिंकलो बाई. दोन-शून्य."

"कोणी मारले?"

"एक मी. एक सुक्यानं."

"सुक्या कुठला रे? मी बघितलाय का त्याला?"

"नाय बाई. नवा आहे."

"डावऱ्या पायाचा की उजव्या?"

"डावऱ्या." मागून गलका ऐकू येत होता, कोणीतरी मिथुनला हाक मारत होतं. "बाई, ठेवू का? पोरं थांबलीत."

"ठेव, ठेव," बाई म्हणाल्या. "सुक्याला सांग, बाईंनी विचारलंय म्हणून." पण फोन तोवर बंद झाला होता.